जत तालुका : माणसे किती, आणि कोणत्या महिन्यात?

गेल्या अंकात आम्ही २०११ च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्यातील दहाही तालुक्यांची लोकसंख्या छापली होती. त्या तक्त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकट्या जत तालुक्याविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे: एवढा मोठा तालुका आणि माणसे एवढी थोडी, हे कसे? म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे जतला दिले आहे.

प्रश्न : जत हा जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका असूनही त्याची लोकसंख्या मिरज आणि वाळवा या तालुक्यांपेक्षा कमी का? (एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : आधी आकडे नीट मांडू या. २०११ मध्ये सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८,२२,१४३ होती. त्यांपैकी मिरज तालुक्यात ८,५४,५८१, वाळव्यात ४,५६,००२ आणि जतमध्ये ३,२८,३२४ माणसे राहत होती. म्हणजे लोकसंख्येच्या क्रमाने जत जिल्ह्यात तिसरा लागतो. तासगाव (२,५१,४०१) त्याच्या बराच मागे आहे आणि आटपाडी (१,३८,४५५) सर्वांत शेवटी आहे. तेव्हा जतमध्ये माणसे थोडी आहेत, हे विधान जसेच्या तसे बरोबर नाही. जतमध्ये माणसे विरळ आहेत, हे बरोबर आहे. तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याच्या साडेआठ हजार चौरस किलोमीटरांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरते. माणसांच्या बाबतीत मात्र त्याचा वाटा शंभरात जेमतेम बारा इतकाच आहे. एका चौरस किलोमीटरमागे जिल्ह्यात सरासरी ३२९ आणि राज्यात ३६५ माणसे असताना जतमध्ये ती सुमारे १४५ आहेत.

मिरजेशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मिरज तालुक्याच्या आकड्यात सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेतील ५,०२,७९३ माणसे धरलेली आहेत. ती वगळली, तर उरलेल्या मिरज तालुक्यात साडेतीन लाख माणसे राहतात, म्हणजे जवळजवळ जतइतकीच. पण ती जतच्या निम्म्याहूनही कमी जागेत राहतात. खरा फरक येथे दिसतो, आणि त्याचे कारण शहर हे नसून पाणी हे आहे.

सह्याद्रीला अडून पडणारा पाऊस जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शिराळा तालुक्यातील चांदोलीच्या डोंगरांत, हजारो मिलिमीटर पडतो. तेथून पूर्वेला सरकावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो आणि जतच्या माळावर वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपासच उरतो. कृष्णा-वारणेच्या काठावरची गाळाची काळी जमीन आणि जतची जमीन यांत तर आणखी अंतर आहे. जतच्या पुष्कळ भागात काळ्या पाषाणावर वीतभर मुरमाड मातीचा थर असतो. एखादा जोराचा पाऊस झाला, तरी ते पाणी धरून ठेवण्याइतकी खोली त्या मातीला नसते. नदी-ओढ्यांच्या कडेला मध्यम काळी जमीन आहे आणि तेथे शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उत्तम येतो, परंतु अशा पट्ट्या अरुंद आहेत. बाकीच्या माळावर बाजरी, मटकी, हुलगा, तूर अशी थोड्या पाण्यावर तगणारी पिके घ्यावी लागतात. वाळव्यात दोन एकर बागायत उसावर एखादे कुटुंब कसेबसे उभे राहते. जतमध्ये दहा एकर जिरायत असूनही त्या कुटुंबाला घरातील एखाद्या माणसाची मजुरी जोडल्याशिवाय वर्ष काढता येत नाही. घनतेचा आकडा या हिशेबातून येतो.

या विरळपणाचे रूप केवळ तक्त्यात नाही, ते गावांच्या मांडणीतही दिसते. कृष्णाकाठचे गाव एका ठिकाणी दाटलेले असते. जतमध्ये गावठाणाइतकीच, आणि काही ठिकाणी त्याहून अधिक, माणसे शेतातील वाड्यावस्त्यांवर राहतात, कारण जेथे विहिरीला थोडे पाणी लागले तेथे घर बांधले गेले आणि भावकी वाढत गेली तशी वस्ती वाढली. उन्हाळ्यात टँकर गावात येतो, पण वस्ती चार-पाच किलोमीटरवर असते. पाणीपुरवठा, शाळा, रस्ता यांपैकी कोणतीही सोय करताना जतमध्ये माणशी खर्च जास्त का येतो, याचे उत्तर या मांडणीत आहे. तो प्रशासनाचा हलगर्जीपणाच आहे, असे दरवेळी मानणे योग्य होणार नाही.

प्रश्न : जिल्ह्यातील बाकीचे तालुके लहान असताना एकटा जतच एवढा मोठा का राहिला? (स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, विटा)

उत्तर : जतचा आकार भूगोलाने ठरवलेला नाही, तो इतिहासाने ठरवला आहे. जत हे डफळे घराण्याचे संस्थान होते आणि सातारच्या छत्रपतींच्या जहागिरींत त्याची गणना होत असे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा प्रदेश मिळून दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जत संस्थानाचा बहुतेक मुलूख एकसंध तालुका म्हणून त्यात घेण्यात आला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. तासगाव, खानापूर या बाजूला पुढे तालुके विभागून पलूस आणि कडेगाव हे नवे तालुके झाले; जतची सीमा मात्र जवळपास तशीच राहिली.

याचा त्रास रोजच्या व्यवहारात होतो. पूर्वेकडच्या उमदीसारख्या गावाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कर्नाटकातील विजयपूर, म्हणजे आपल्या बोलण्यातील विजापूर, कितीतरी जवळ पडते. सातबाऱ्याच्या फेरफारासाठी किंवा एखाद्या दाखल्यासाठी तालुक्याला जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. यावर उपाय म्हणून संख येथे अप्पर तहसील कार्यालय सुरू झाले आहे, पण तालुक्याच्या विभाजनाची मागणी थांबलेली नाही. विभाजन झाल्यास मुख्यालय कोठे असावे, याबद्दल संख आणि उमदी या दोन्ही बाजूंची मते वेगळी आहेत. माझे स्वतःचे मत असे आहे, की लोकसंख्येचा निकष लावून तालुका पाडायचा ठरवला, तर विरळ वस्तीच्या प्रदेशावर नेहमीच अन्याय होईल. येथे अंतराचा निकष आधी लावला पाहिजे.

प्रश्न : वर्तमानपत्रे जतला 'वाळवंट' म्हणतात. भूगोलाच्या परिभाषेत ते बरोबर आहे का? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : बरोबर नाही. एखादा प्रदेश शुष्क आहे की नाही, हे केवळ पावसावरून ठरत नाही. पडणारा पाऊस आणि जमीन व वनस्पती यांतून उडून जाऊ शकणारे पाणी यांचे गुणोत्तर पाहतात. हे गुणोत्तर ०.२० च्या खाली असेल तर प्रदेश शुष्क, आणि ०.२० ते ०.५० यांच्या दरम्यान असेल तर निमशुष्क समजतात. भारतातील उष्ण शुष्क प्रदेशापैकी सुमारे तीन पंचमांश भाग एकट्या राजस्थानात आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण व खटाव हे तालुके निमशुष्क गटात, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात.

शब्दातील हा फरक महत्त्वाचा आहे. वाळवंट म्हटले की येथे काही पिकणारच नाही, असे मनात ठसते. प्रत्यक्षात जतचे डाळिंब, पूर्वभागातील द्राक्षे आणि त्यांचा बेदाणा सांगली व तासगावच्या बाजारात आपला दर मिळवतात. खिलार जनावरे येथेच जोपासली जातात, आणि माडग्याळ या गावाच्या नावाने ओळखली जाणारी बाकदार नाकाची उंच मेंढी हे तर या कोरड्या माळाने घडवलेले वाण आहे. पावसाचे एकूण प्रमाण कमी आहे हे खरे, पण त्याहून मोठी अडचण त्याच्या बेभरवशाची आहे. जूनमध्ये रोहिणी-मृगाचा एखादा वळीव होतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे नुसते ढग आणि वारा असतो, आणि खरी ओल मिळते ती उत्तरा-हस्ताच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाने. म्हणूनच या भागात खरिपापेक्षा रब्बीचा शाळू हा घरचा आधार मानला जातो. परतीचा पाऊस चुकला, की केवळ पीक जात नाही; जनावरांची वैरण जाते, आणि त्या घराचा पुढच्या काही महिन्यांचा मुक्काम कोठे असेल, हेही तेव्हाच ठरून जाते.

प्रश्न : आमच्या गावात दसरा-दिवाळी झाली, की कित्येक घरांना कुलपे लागतात. मग जनगणनेत छापलेली आमच्या गावची लोकसंख्या खरी मानायची का? (एक वाचक, जत तालुक्याचा पूर्व भाग)

उत्तर : या महिन्यात आलेल्या पत्रांतील हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

२०११ च्या जनगणनेत घरोघर जाऊन केलेली मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, बेघर व्यक्तींची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, आणि १ मार्च २०११ हा लोकसंख्येचा संदर्भदिवस धरून १ ते ५ मार्चला उजळणीची फेरी घेण्यात आली. मोजणीचा नियम असा होता: जो माणूस एखाद्या घराचा नेहमीचा रहिवासी आहे आणि त्या वीस दिवसांत थोडे दिवस तरी तेथे होता, त्याची नोंद त्या घरात करायची; जो त्या पूर्ण काळात घराबाहेर होता, त्याची नोंद घरी करायची नाही, तो जेथे सापडेल तेथे करायची. नियम चांगला आहे. त्यामुळे एकाच माणसाची दोनदा नोंद होत नाही आणि देशाची बेरीज बरोबर येते.

आता हा नियम जतच्या वर्षावर ठेवून पाहा. साखर कारखान्यांची धुराडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेटतात. त्याआधीच मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, ज्यांना त्या व्यवहारात 'कोयता' म्हणून मोजतात, लहान मुलांना आणि बैलांना बरोबर घेऊन टोळीने कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकातील कारखान्यांवर उतरतात. हंगाम साधारणपणे मार्चपर्यंत चालतो, ऊस जास्त असेल तर त्याहून लांबतो. २०१०-११ चा हंगाम तर ऊस मुबलक असल्यामुळे लांबलेलाच होता. म्हणजे ज्या वीस दिवसांत प्रगणक जतच्या वस्तीवर वही घेऊन फिरत होता, नेमक्या त्याच दिवसांत त्या वस्तीतील धडधाकट माणसे उसाच्या फडावरच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहत होती. नियमाप्रमाणे त्यांची नोंद झालीच असेल, तर ती कारखान्याच्या परिसरातील गावात झाली. आणि पहाटे फडात गेलेल्या, रात्री गाडी भरून परतणाऱ्या माणसाच्या कोपीपर्यंत प्रगणक पोहोचला नसेल, तर ती कोठेच झाली नाही.

ऊसतोड कामगारांबरोबर मेंढपाळांचाही विचार करायला हवा. शाळूची काढणी होईपर्यंत आणि झाल्यानंतर चाऱ्यासाठी मेंढरे घेऊन फिरणारी धनगर कुटुंबे आज एका शेतात, तर चार दिवसांनी दुसऱ्या शेतात वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचे जाळे, लावून मुक्काम करतात. त्यांच्या मागे घरी राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी काही मुले.

याच्या उलट, खानापूर-आटपाडी बाजूचे स्थलांतर वेगळ्या जातीचे आहे. तेथील गलाई कारागीर सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाच्या व्यवसायात देशभरच्या शहरांत पसरले आहेत. ते वर्षानुवर्षे त्या-त्या शहरातच राहतात आणि यात्रेला किंवा लग्नकार्याला गावी येतात. त्यांची गणना त्या शहरात होणे योग्यच आहे. जतच्या ऊसतोड कुटुंबाची गोष्ट तशी नाही: त्याचे रेशनकार्ड, मतदान, जमीन, म्हातारे आईबाप आणि वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस जतमध्येच असतात, केवळ फेब्रुवारी तेथे नसतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे, की छापलेला आकडा खोटा नाही, पण तो फेब्रुवारीचा आकडा आहे. बारमाही पाण्याच्या तालुक्यात तेथील रहिवाशांची फेब्रुवारीची संख्या आणि मेची संख्या यांत विशेष फरक पडत नाही, म्हणून त्यांच्याबाबत महिना विचारण्याची गरज नसते. कोरडवाहू तालुक्यात महिना विचारल्याशिवाय लोकसंख्येला अर्थ येत नाही. उलट, ऊस घेणाऱ्या तालुक्यांच्या आकड्यात फेब्रुवारीतील परगावचे मजूर मिसळलेले असतात, त्यामुळे दोन तालुक्यांच्या घनतेतील अंतर तक्त्यात प्रत्यक्षापेक्षा काहीसे जास्तच दिसते. पहिल्या उत्तरात मी दिलेला १४५ चा आकडाही या मर्यादेसह वाचावा.

हा केवळ मोजणीचा बारकावा नाही. ही कुटुंबे हंगाम संपवून परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे विहिरी तळाला लागतात आणि तलाव आटतात त्याच वेळी. तालुक्यातील पाणी सर्वांत कमी असते, तेव्हा तालुक्यातील माणसे सर्वांत जास्त असतात. जनावरेही परततात. टंचाईच्या काळात टँकरच्या खेपा मात्र लोकसंख्येच्या आकड्यावरून, माणशी वीस लिटर या हिशेबाने ठरवल्या जात आल्या आहेत. तो आकडा जुना असेल आणि वर हिवाळ्यातला असेल, तर हंडा दोन ठिकाणी कमी पडतो. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्य शासनाने २०११ ऐवजी २०१८ ची लोकसंख्या आणि त्याबरोबर जनावरांची संख्या विचारात घेऊन टँकर देण्यास सांगितले होते, ते या दृष्टीने योग्य पाऊल होते. परंतु त्यातही वाढ वर्षांची धरली गेली, महिन्याची नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी देतानाही लोकसंख्या हाच मुख्य निकष असतो. वस्तीवरचे घर फेब्रुवारीत बंद होते, म्हणून त्या घरापर्यंत जाणाऱ्या जलवाहिनीचा व्यास लहान ठरावा, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही.

गावपातळीवर यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. ग्रामपंचायतीने ऑगस्टमध्ये, सर्व कुटुंबे घरी असताना, आणि जानेवारीत, ती बाहेर असताना, अशी दोनदा घरांची आणि माणसांची यादी करावी. अंगणवाडीच्या नोंदी, रेशनकार्डे आणि मतदारयादी हाताशी असल्याने चार दिवसांचे काम आहे. टंचाई आराखड्याच्या बैठकीत ही यादी ठरावासह ठेवली, तर तहसील कार्यालयाला तिची दखल घेणे भाग पडते.

प्रश्न : जतमध्ये एकही नदी नाही, असे शाळेत शिकवले जाते. हे खरे आहे का? आणि म्हैसाळ योजनेचे पाणी सर्व तालुक्याला का मिळत नाही? (एक पालक, जत)

उत्तर : बारमाही नदी नाही, एवढेच खरे आहे. बोर नदी तालुक्याच्या मध्यातून पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेच्या खोऱ्यात जाते. विजयपूर जिल्ह्यातील सुपीक काळ्या जमिनीसाठी प्रसिद्ध असलेल्या डोणी नदीचा उगमही जतच्याच हद्दीत आहे. म्हणजे जत हा पाणी येणारा प्रदेश नसून पाणी वाहून जाणारा प्रदेश आहे: तो कृष्णा आणि भीमा यांच्यामधला उंचवटा आहे, आणि पडलेले थोडे पाणी दोन्ही बाजूंना उतरून जाते. याच तालुक्यातील उमराणी येथे एप्रिल १६७३ मध्ये प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या आदिलशाही फौजेचे पाणी तोडले आणि उन्हाळ्यात तहानलेल्या त्या फौजेला शरण यावे लागले. लढाईत तलवारीइतकेच महत्त्व पाणवठ्याला यावे, असा हा मुलूख आहे, हे तेव्हाच्या सेनापतीने ओळखले होते.

उंचवटा असल्यामुळेच धरणाचे पाणी कालव्याने आपोआप जतला येऊ शकत नाही; ते उचलावे लागते. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि मिरज, कवठेमहांकाळ, तासगाव यांतून ते जतकडे येते. प्रत्येक टप्प्याला वीज लागते. वीजबिलाचा बोजा शेतकऱ्यांना पेलत नसल्याने कित्येक हंगाम पंप बंद राहिले. पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलण्याचे ठरले, तेव्हा आवर्तनांत थोडे सातत्य आले. जतच्या पश्चिम भागाला या पाण्याचा लाभ झाला, परंतु पूर्वेकडची गावे मूळ योजनेच्या लाभक्षेत्राबाहेर राहिली. या वंचित ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजना हाती घेण्यात आली आहे.

पाणी पोहोचलेल्या गावांतील माझे निरीक्षण सांगतो. तेथे पहिल्या दोन-तीन वर्षांत डाळिंब आणि द्राक्ष वाढते, घरे परत उघडतात, ऊसतोडीला जाणारी जोडपी कमी होतात. पण त्यापाठोपाठ ऊसही येतो, आणि शेवटच्या वस्तीचे पाणी आधीच्या वस्तीच्या उसात मुरते. पाचशे मिलिमीटरच्या प्रदेशात, वीज खर्चून आणलेल्या पाण्यावर पाटाने भिजवलेला ऊस घेणे मला चुकीचे वाटते.

प्रश्न : जतमधील लोक कन्नड बोलतात, म्हणून त्यांना कर्नाटकात जायचे आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तालुक्याच्या पूर्व आणि दक्षिण सीमेवरील पुष्कळ गावांत घरची भाषा कन्नड आहे, जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि बाजारात दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने चालतात. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला आणि जतच्या यल्लम्मादेवीच्या यात्रेला दोन्ही राज्यांतून माणसे येतात. सोयरीक सीमा पाहत नाही.

काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात सामील होण्याचे ठराव २०१२ च्या सुमारास केले होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील चाळीस गावांचा उल्लेख केल्यावर त्या ठरावांची पुन्हा चर्चा झाली. ते ठराव भाषेसाठी नव्हते, पाण्यासाठी होते. सीमेच्या अलीकडे टँकरची वाट पाहावी लागत होती, त्या अवस्थेत निघालेला तो उद्गार होता. त्याला निष्ठेचा प्रश्न बनवणे हे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

प्रश्न : पुढच्या जनगणनेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी काय करावे? (एक ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका)

उत्तर : पुढील जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ हा जाहीर झाला आहे, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच. मागील नियमाचा आधार घेऊन तीन गोष्टी कराव्यात. एक, मोजणीच्या काळात एक-दोन दिवसांसाठी जरी घरातील माणूस गावी येणार असेल, तरी त्याची नोंद घरीच होऊ शकते, म्हणून मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांनी प्रगणकाला तसे स्पष्ट सांगावे. दोन, जे येऊ शकणार नाहीत त्यांनी फडावरच्या मुक्कामी आपली आणि मुलांची नोंद झाली की नाही, हे मुकादमाकडे न सोडता स्वतः विचारून घ्यावे. गेल्या मुक्कामाचे ठिकाण विचारले असता 'जत तालुका, सांगली जिल्हा' असे पूर्ण सांगावे, म्हणजे स्थलांतराच्या तक्त्यात तरी तुमचे गाव उमटेल. तीन, नाव दोन्ही ठिकाणी लावू नये. आणि आधीच्या उत्तरात सांगितलेली गावची ऑगस्टची यादी २०२६ च्या पावसाळ्यातच करून ठेवावी, कारण जनगणनेचा आकडा हाती येईल तेव्हा त्याच्या शेजारी मांडायला तीच उपयोगी पडेल.